खेळाडूविषयी दोन शब्द

आई, मैदानावर तुला मिस म्हणायचं आणि उंबऱ्याच्या आत आई, हा नियम तूच घातला होतास. एकदा स्वयंपाकघरात माझ्या तोंडून चुकून मिस निघालं, तेव्हा तू हातात लाटणं धरून कितीतरी वेळ हसत होतीस. आज कुठली हाक मारावी ते ठरवता येत नाही, कारण जे लिहायचंय ते दोघींनाही लिहायचंय. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी हल्ली राजाजीनगरात राहते, बँकेत बसून बसून गुडघे कुरकुरायला लागलेत, आणि काल मला चक्क एका समारंभाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. शाळांच्या फुटबॉलची वार्षिक बक्षिसं होती. सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम गोलकीपर, सर्वोत्तम कोच, असा सगळा थाट. मुलींच्या कोचला शाल घालायचं आणि म्हैसुरी पेटा चढवायचं काम माझ्याकडे आलं. पेटा अर्थातच पुरुषांच्या मापाचा. तो त्या बिचारीच्या भुवयांवर उतरला, आणि तिने एका हाताने तो वर धरून, दुसऱ्या हातात माइक घेऊन आपल्या लाडक्या खेळाडूवर भाषण केलं. किती बोलावं! अशी मुलगी झाली नाही, होणार नाही, तिचे पाय म्हणजे सोनं, तिची नजर म्हणजे अमुक, तिचा स्वभाव म्हणजे तमुक. पुढच्या रांगेत त्या मुलीची आई मोबाइल उंच धरून सगळं टिपून घेत होती आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मला तर खुर्चीत बसवेना. इतकं कौतुक, असं उघड्यावर, आणि पोरीच्या गालाला साधी काजळाची तीट नाही! घरी आले ती तुझीच आठवण घेऊन.

कारण तू माझं कौतुक कधीच केलं नाहीस. आपल्या घराण्यात आपल्या पोरांना लोकांसमोर चांगलं म्हणायचं नाही, ही रीत कुठल्या पिढीपासून चालत आली कोण जाणे. चारशे वर्षांपूर्वी आपले लोक इकडे कानडी मुलखात आले तेव्हा घोड्यावर बांधूनच आणली असावी. तू बाकीच्या बाबतीत भलतीच पुढारलेली. मांजर आडवं गेलं तर तू मांजराला बाजूला सारून जायचीस, उपासतापासाला तू कधी दाद दिली नाहीस, सहावारी साडीच्या निऱ्या खोचून पांढरे कॅनव्हासचे बूट घालून चामराजपेटच्या रस्त्याने शाळेत जाणारी त्या काळातली तू एकटीच. पण दृष्टीच्या बाबतीत मात्र तू पक्की. शेजारच्या अक्कांनी म्हणावं, तुमची मुलगी काय छान पळते हो, की तुझं उत्तर तयार: कुठलं छान, पाय फेंगडे आहेत तिचे. कोणी म्हणावं, उंची चांगली आहे, तर तू म्हणायचीस, उंचीला काय करायचंय, अक्कल गुडघ्यातच राहिली. आणि हे सगळं माझ्यासमोर, अगदी प्रसन्न चेहऱ्याने.

खेळाच्या तासाची मिस म्हणून तर तू आणखीनच कडक. शाळेत आधी थ्रोबॉल होता. त्याचं नेट फाटलं, नवीन मिळेना, खांब तेवढे उरले. त्या दोन खांबांकडे तू आठवडाभर पाहत राहिलीस आणि मग एके दिवशी कुठूनसा फुटबॉल घेऊन आलीस. मुलींनी फुटबॉल खेळायचा म्हटल्यावर काही पालक शाळेत आले होते. तू त्यांना म्हणालीस, तुमच्या मुली रोज लांबलांबच्या नळावरून पाणी आणतात, त्यापेक्षा हे हलकं काम आहे. मैदानावरच्या रेघांना चुना मिळायचा नाही, म्हणून आम्ही घरून रांगोळीची पूड आणायचो. दारात रोज रांगोळी घालणाऱ्या मुली त्या, एकेक रेघ अशी सरळ यायची की बाहेरचे रेफरी खाली वाकून बघायचे. एकदा हौसेने कोणीतरी कॉर्नरला कमळ काढलं. तू शिट्टी वाजवलीस, कमळ पुसायला लावलंस, आणि पुसून झाल्यावर म्हणालीस की कमळ चांगलं होतं. बघ, कमळालासुद्धा चांगलं म्हणालीस तू. सरावानंतर सगळ्याजणी आपल्या घरी यायच्या, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ खायच्या. तिथेही तुझं एकेकीला सांगणं चालूच असायचं: तू आज चांगली अडवलीस, तुझा पास नेमका होता. सगळ्यांना काही ना काही मिळायचं. माझ्यापाशी आलीस की म्हणायचीस, गूळ स्वल्प कमी खा.

माझा डावा पाय म्हणजे तुझं कायमचं दुखणं. उजव्या पायाने मी बॉल कुठेही नेऊन ठेवला असता, पण डावा पाय नुसता उभं राहायला होता. तू मला मागच्या अंगणात उजवा पाय पोत्यात घालून उभी करायचीस आणि डाव्याने भिंतीवर बॉल मारायला लावायचीस. पालथ्या घड्यावर पाणी. भिंतीचा गिलावा पडला, पाय काही सुधारला नाही. होसकोट्याला आपली सेमीफायनल होती तो दिवस आठवतो? मार्केटहून बस पकडून आपण सगळ्या गेलो होतो, डब्यात चित्रान्न, आणि मैदान असं उतरतं की बॉल मध्ये ठेवला तर आपोआप त्यांच्या गोलकडे निघायचा. तिथे मी दोन गोल मारले, दोन्ही उजव्या पायाने. परतीच्या बसमध्ये पोरी गाणी म्हणतायत, माझ्या गळ्यात कोणीतरी झेंडूची माळ घातली आहे, आणि कंडक्टर विचारतोय, गोल मारले ती कोण? सगळ्या माझ्याकडे बोट दाखवतात. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणतेस, तिने काय मारले, तिच्या अंगावर आपटून आत गेले. आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात: दुसऱ्या गोलाच्या वेळी डावीकडे आपली एक पोर मोकळी उभी होती, ते दिसलं नाही का तुला? मी माळ काढून पिशवीत टाकली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण निदान भाव तरी विचारावा माणसाने.

मला बक्षिसं नको होती, आई. म्हणजे हवी होती, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त हे हवं होतं की एकदा, एकदाच, तू म्हणावंस की मी चांगली खेळते. त्या संध्याकाळी मी घरी येऊन रुसून बसले तेव्हा अण्णा माझ्याशेजारी पायरीवर अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसले. मग त्यांनी सांगितलं की माझ्या आधी तुम्हा दोघांना एक मुलगा झाला होता. गुटगुटीत, गोरापान. बारशाला आलेली प्रत्येक बाई त्याला उचलून घ्यायची आणि लोण्याचा गोळा म्हणायची, आणि तूही हौसेने सगळ्यांना दाखवायचीस, बघा माझा लोण्याचा गोळा. तीन महिन्यांचा होऊन गेला तो. डॉक्टरांनी कारण काही वेगळं सांगितलं होतं, अण्णांनाही ते पटलं होतं. तुला पटलं नाही. अण्णा म्हणाले, तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलंय, तू मनाला लावून घेऊ नकोस. मला सगळं समजलं. पण समजलं म्हणून हवंसं वाटायचं थांबत नाही, त्या वयात तर मुळीच नाही.

त्याच वर्षी शाळांच्या फुटबॉल मंडळाने पहिल्यांदा मुलींच्यातही सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस ठेवलं. निवड रेफरींनी करायची. आपल्या हेडमिसनी प्रार्थनेच्या वेळी माझं नाव जाहीर केलं, पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी तुझ्याकडे पाहिलं तर तू खाली वाकून कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होतीस. खरी अडचण पुढे होती. मंडळाची अशी पद्धत होती की कप हातात देण्यापूर्वी खेळाडूच्या कोचने माइकपाशी येऊन तिच्याविषयी दोन शब्द बोलायचे. हे कळलं आणि तुझा जीव टांगणीला लागला. आधी तू हेडमिसना म्हणालीस, तुम्हीच बोला. त्यांनी हात जोडले. मग तू मंडळाला सुचवून पाहिलंस की बक्षीस आपल्या गोलकीपरला द्यावं, ती जास्त मेहनती आहे. त्यांनी निवड झाली म्हणून सांगितलं. सकाळी अण्णा दाढी करता करता तुला वाक्यं सुचवायचे, शिस्तप्रिय म्हण, जिद्दी म्हण, होतकरू म्हण, आणि तू डोशाचं पीठ ढवळत प्रत्येक शब्दाला नाक मुरडायचीस. मी दाराआडून ऐकत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, होतकरू तरी म्हण ग, होतकरूला कोणाची दृष्ट लागणार आहे!

समारंभ रविवारी दुपारी होता. तू हिरवी रेशमी साडी नेसली होतीस आणि सवयीने गळ्यात शिट्टी तशीच राहिली होती. मंगळसूत्रात अडकलेली ती शिट्टी तू रिक्षातून उतरताना सोडवलीस. आधी मुलांच्या कोचचा सत्कार झाला. पेटा, शाल, चंदनाचा हार, फळांची करंडी. मुलींच्या कोचला काहीच नव्हतं, पुढच्या वर्षी बघू असं अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. मला राग आला. तू मात्र जोरजोरात टाळ्या वाजवल्यास आणि माझ्या कानात म्हणालीस, माझ्या अंबाड्यावर तो पेटा बसलाच नसता. मग माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, प्रमुख पाहुण्यांनी कप उचलून हातात धरला, आणि तू माइकपाशी आलीस.

तू कानडीत बोललीस. आधी नमस्कार केलास, मंडळाचे आभार मानलेस, घसा साफ केलास. आणि मग सुरू झालीस. या मुलीला डावा पाय नाही, म्हणालीस. लोक हसले. ही मोकळ्या खेळाडूला पास देत नाही, हिला वाटतं मैदान हिच्या आजोबांचं आहे. लोक पुन्हा हसले. ऑफसाइड दिली की रेफरीकडे डोळे वटारते. सकाळी लवकर उठत नाही, उठवावं लागतं. होसकोट्याला जे दोन गोल झाले त्यात उताराचा भाग मोठा होता. इथपर्यंत येता येता हसणं विरळ झालं होतं. तू थांबेनास. बॉल डोक्याने मारताना डोळे मिटते, गूळ फार खाते. हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं, लोक एकमेकांकडे बघायला लागले होते. मी स्टेजवर उभी, पायातल्या बुटांकडे बघत. मला ठाऊक होतं तू असं का करतेयस, पण त्या हॉलमध्ये ते अण्णांना आणि मलाच ठाऊक होतं. अध्यक्षांनी पाहुण्यांच्या हातातला कप अलगद काढून घेतला आणि परत टेबलावर ठेवला. मग ते तुझ्याजवळ आले, आणि माइक चालू आहे याचं त्यांना भान राहिलं नसावं, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यांना ऐकू आला.

“मेडम, निमगे आक्षेपणे इदेया?”

तुमची हरकत आहे का, असं ते विचारत होते. दुसरं नाव हवं असेल तर सांगा, अजून वेळ आहे, असंही पुढे म्हणाले. तू आधी गोंधळलीस. मग तुला कळलं, आणि तुझा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. तू टेबलावरच्या कपाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मला आठवतंय, मी मान हलवली. राहू दे ग, असं म्हणायचं होतं मला. खरंच तसं वाटत होतं. इतकी घाबरलेली तू मला बघवत नव्हतीस.

“इल्ला सार,” तू म्हणालीस. “अवळिगे कोडि. बेरे यारिगू कोडबेडि.”

नाही सर, तिलाच द्या. दुसऱ्या कोणालाही देऊ नका. बस, एवढंच. मैदानावर पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा तो तुझा आवाज, त्याची सवय नसलेला माइक क्षणभर किंचाळला. आणि मग टाळ्या अशा पडल्या की मला कप कोणी दिला, कसा दिला, काही आठवत नाही.

परतताना रिक्षात तू कप पदराखाली झाकून घट्ट धरला होतास. रिक्षावाल्याने आरशातून पाहून विचारलं, एन मेडम, कप्पा? तू म्हणालीस, नाही हो, स्टीलचं पातेलं आहे, स्वयंपाकाला. अण्णा बाहेर तोंड करून हसू दाबत होते. घरात शिरल्याबरोबर तू बूटही न काढता शेगडी पेटवलीस. तिन्हीसांज झाली होती, ते तर बरंच झालं. मला पाटावर बसवलंस, मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेतल्यास, त्याही ब्याडगी नव्हे, चांगल्या गुंटूरच्या तिखटजाळ. माझ्यावरून डोक्यापासून पायापर्यंत मूठ ओवाळायला लागलीस. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, इथवर नेहमीचं होतं. पुढे तू आपल्या मनाने जोडलंस: प्रेसिडेंटची, रेफरींची, होसकोट्याच्या सगळ्या पोरींची. आणि मग अगदी पुटपुटत, तोंडातल्या तोंडात: माझी.

मूठ निखाऱ्यावर पडली. मिरच्या जळताना ठसका लागला नाही की दृष्ट होती आणि ती जळून गेली, ठसका लागला की काही नव्हतंच, हे तर आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. घर धुराने भरलं. अण्णा खोकत खोकत उठले आणि अंगणात पळाले. शेजारी अक्कांनी खिडकी धाडकन लावून घेतली. तुझे स्वतःचे डोळे लाल झाले, तुला बोलवेना. आणि तुझा चेहरा पडला, आई. तुला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तर तू चक्क हिरमुसलीस. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आपली पोर स्टेजवर उभी राहिली आणि एकाही माणसाला तिचा हेवा वाटू नये! मग तू पदराने डोळे पुसून माझ्यासमोर उकिडवी बसलीस. अंगणातून अण्णांचा खोकला ऐकू येतच होता. एरवी नियम म्हणजे नियम म्हणणारी तू, त्या दिवशी मात्र नियमाला स्वल्प वाकवलंस.

“त्यांचं सोड. त्यांची कुठं काढली दृष्ट? तू सांग. तुला लागला का ठसका?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“बघ,” तू म्हणालीस, आणि तुझं तोंड असं उजळलं की काय सांगू. “लागलीच होती. लागणारच की. तू खेळतीसच तशी.”

मग तू उठलीस आणि भात लावायला गेलीस, जणू काही बोललीच नाहीस. पुढे आयुष्यभर तू ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाहीस, आणि मला ते पुन्हा लागलंही नाही. नंतर माझ्या नोकरीला, लग्नाला, मुलीच्या जन्माला तू जी काही नाकं मुरडलीस ती सगळी मी हसत ऐकली, कारण माझ्यापाशी ते एक वाक्य जपलेलं होतं. काल त्या कोचबाई दहा मिनिटं बोलल्या, पण माझं काही त्यांच्याशी अडलं नाही. माझं एका ओळीत भागलं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाहीच. पत्ता माहीत असता तरी मी ते पाठवलं नसतं. कारण ठसका आला होता, आई. जीव जाईल असा आला होता. दात आवळून, नखं तळहातात रुतवून मी तो घशातच धरून ठेवला, आणि तू तांदूळ धुवायला पाठ फिरवलीस तेव्हा पळत न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून, पोटभर खोकून घेतलं. हे तुला कळलं असतं, तर तू तिथल्या तिथे शिट्टी फुंकून तो गोल रद्द केला असतास.